तुमच्या कपाटाशी कोणाचं कपाट जुळतं? पुस्तकांच्या सोशल नेटवर्कमागचं गणित

फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर खातं उघडलं की पहिली चौकशी होते ती ओळखीपाळखीची. फोनमधले नंबर द्या, शाळा सांगा, गाव सांगा. पुस्तकांसाठी बनलेल्या नेटवर्कवर मुख्य प्रश्न वेगळाच असतो: काय काय वाचलंय? त्या उत्तरावरून मग माणसं सापडत जातात. ज्याचं गाव, वय, आडनाव आपल्याला कधीच कळणार नाही अशा कुणाच्या तरी यादीत आपल्याकडची दोन-तीन अनवट पुस्तकं दिसली, की वाचणाऱ्या माणसाला होणारा आनंद दुसऱ्या कुठल्या ॲपवर मिळत नाही. तो आनंद घडवून आणणारी यंत्रणा नेमकी चालते कशी, ते इथे सांगायचं आहे. बरेच वाचक या साइट्स केवळ 'यंदा किती पुस्तकं झाली' याची वही म्हणून वापरतात. वही ठीकच आहे, पण खरी मजा त्या वहीच्या पलीकडे आहे.

थोडक्यात ओळख करून घेऊ. लायब्ररीथिंग २००५ मध्ये टिम स्पॉल्डिंग यांनी सुरू केलं, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडमधून. चीनमधलं दोबानही त्याच वर्षीचं. तिथे पुस्तकांच्या जोडीला चित्रपट आणि संगीत आहे. गुडरीड्स हे ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर या दांपत्याने जानेवारी २००७ मध्ये खुलं केलं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. स्टोरीग्राफ त्या मानाने ताजं, २०१९ चं, नादिया ओदुनायो या ब्रिटिश प्रोग्रामर बाईंनी उभं केलेलं. वरवर पाहता सगळीकडे साधारण एकच मांडणी: 'वाचलं', 'वाचतोय', 'वाचायचंय' अशी शेल्फं, तारे देण्याची सोय, खाली परीक्षणं.

आत शिरलं की पहिला प्रश्न येतो तो चमत्कारिक वाटेल असा: 'एक पुस्तक' म्हणजे काय?

ज्ञानेश्वरी घ्या. साखरे महाराजांची प्रत, राजवाड्यांची प्रत, सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी, शिवाय इंग्रजी आणि हिंदी अनुवाद. यातल्या दोन वेगळ्या प्रती वाचलेल्या दोघांनी 'एकच पुस्तक' वाचलं असं म्हणायचं का? ग्रंथपालांनी यावर फार विचार केलेला आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये चार पायऱ्यांची मांडणी केली. सर्वांत वर मूळ रचना, म्हणजे ज्ञानेश्वरांची कृती. तिच्या खाली त्या रचनेचं एखादं रूप, जसा मूळ ओव्यांचा पाठ किंवा इंग्रजी अनुवाद. त्याखाली अमुक प्रकाशकाने अमुक साली छापलेली आवृत्ती. आणि तळाशी तुमच्या घरातली, पानाच्या कडेला आजोबांनी खुणा केलेली एक प्रत.

सोशल नेटवर्कला या चारही पायऱ्या लागतात, पण माणसं जुळवायची तर वरची पायरी महत्त्वाची. लायब्ररीथिंगवर यासाठी एक साधी कसोटी वापरतात. एखाद्या पार्टीत दोघं गप्पा मारताहेत आणि दोघांनाही आपण एकाच पुस्तकाबद्दल बोलतोय असं वाटतंय, तर नेटवर्कच्या दृष्टीने ते एकच पुस्तक. मग एकाने जाड बांधणीची आवृत्ती वाचलेली असो की दुसऱ्याने अनुवाद. ही जोडाजोड बरीचशी सभासदच करतात. गुडरीड्सवरही ५० पुस्तकं शेल्फवर असलेला सभासद 'लायब्रेरियन' होण्यासाठी अर्ज करू शकतो आणि मग नोंदी दुरुस्त करायला लागतो. फुकट, कुणी न सांगता, रात्री जेवणं झाल्यावर बसून. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या कामाशिवाय पुढचं गणित उभंच राहत नाही.

नोंदीचं काम सोपं करतो तो आयएसबीएन, पुस्तकाच्या पाठीमागे बारकोडखाली छापलेला आकडा. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे. भारतातल्या पुस्तकांचा आकडा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. शेवटचा अंक राखणदाराचा असतो. हातातल्या कुठल्याही पुस्तकावर करून बघा: पहिल्या अंकाला १ ने गुणा, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने, चौथ्याला ३ ने, असं शेवटपर्यंत. सगळ्यांची बेरीज १० ने भागली जायलाच हवी. तेरापैकी कुठलाही एक अंक चुकला तर बेरीज बिघडते आणि यंत्राला चूक लगेच कळते. आता फोनचा कॅमेरा बारकोडवर धरला की काम होतं. त्याआधी लायब्ररीथिंगने क्यूकॅट नावाचं मांजराच्या आकाराचं छोटं स्कॅनर सभासदांना विकलं होतं. २००० साली एका कंपनीने ते भलत्याच हेतूने बाजारात आणलं, ते चाललं नाही, आणि शिल्लक राहिलेला माल पुस्तकवाल्यांच्या कामी आला.

मराठी वाचकाची अडचण इथून सुरू होते. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. आजोबांच्या कपाटातलं पुस्तक घेतलं की सगळं हाताने भरावं लागतं. शीर्षकाचं पान उलटलं की मागच्या बाजूला बारीक टायपात प्रकाशकाचा आणि मुद्रकाचा पत्ता, मुखपृष्ठ कुणाचं, मूल्य तीन रुपये, आणि 'प्रथमावृत्ती: शके १८८०'. साइटला हवं असतं इसवी सन. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९५८. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा महिना दिलेला असेल, तर इंग्रजी वर्ष बदललेलं असू शकतं, तेव्हा ७९ मिळवायचे. 'दुसरी आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांतला फरकही बघावा लागतो, कारण आवृत्तीत लेखकाने मजकूर बदललेला असू शकतो. पान फाटलेलं असेल आणि पुस्तक १९३७ च्या आतलं असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. १८०० ते १९३७ या काळात छापली गेलेली मराठी पुस्तकं त्यांनी तिच्या पहिल्या खंडात नोंदवून ठेवली आहेत. हजारो सभासद मिळून आज जे काम ऑनलाइन करतात, ते दात्यांनी कार्डांच्या आणि कागदाच्या जमान्यात केलं.

त्याहून मोठी अडचण लिपीची. पु. ल. देशपांडे हे नाव देवनागरीत लिहिलं, रोमन लिपीत आद्याक्षरांनी लिहिलं, रोमनमध्येच 'पु ल' असं उच्चाराप्रमाणे लिहिलं, किंवा 'पुरुषोत्तम लक्ष्मण' असं सबंध लिहिलं, तर यंत्राला चार लेखक दिसू शकतात. पुस्तकांच्या नावांचंही तेच. तुमची नोंद देवनागरीतल्या पानावर, पुण्याहून शिकागोला गेलेल्या कुणा वाचकाची रोमन पानावर, आणि दोघांच्या कपाटात तेच पुस्तक असूनही तुमची गाठ पडत नाही. कुणीतरी त्या दोन नोंदी जोडल्या की गाठ पडते. म्हणून मी म्हणतो, नोंदी जोडणं हे कंटाळवाणं काम वाटलं तरी मराठी वाचकांसाठी आज याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही.

आता मुख्य गोष्ट, जुळवाजुळव.

एक प्रचंड मोठा चौकटींचा कागद डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक वाचक, प्रत्येक उभी रांग म्हणजे एक पुस्तक. वाचकाने ते पुस्तक आपल्या शेल्फवर ठेवलं असेल तर चौकटीत खूण. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये गुडरीड्सवरची सगळ्यांना दिसणारी शेल्फं गोळा करून असा कागद खरोखर तयार केला. वाचक सुमारे ८ लाख ७६ हजार, पुस्तकं सुमारे २३ लाख ६० हजार. म्हणजे चौकटी झाल्या २ लाख कोटींच्या वर. त्यात भरलेल्या किती? सुमारे २२ कोटी ८६ लाख. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब केला तर दर ९ हजार चौकटींमागे एक भरलेली. बाकी सगळा कागद कोरा.

हा कोरेपणाच सगळ्या कहाणीचा गाभा आहे. इतक्या रिकाम्या कागदावर दोन माणसांच्या खुणा एकाच ठिकाणी पडल्या, तर ती गोष्ट अर्थपूर्ण असण्याची शक्यता असते. 'असते' असं ठामपणे म्हणत नाही, कारण सगळ्या रांगा सारख्या नाहीत. काही पुस्तकं लाखो लोकांनी वाचलेली असतात आणि त्यांच्या रांगा गच्च भरलेल्या असतात. जगभर गाजलेली जादूगार मुलाची मालिका तुम्हीही वाचली आणि मीही वाचली, यावरून आपल्या दोघांबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून खुणांना वजन द्यावं लागतं. समजा, एका वाचकाची आणि तुमची १० पुस्तकं सामाईक आहेत, पण दहाच्या दहा प्रत्येकी १० लाख लोकांकडे आहेत. दुसऱ्या एका वाचकाशी तुमची फक्त दोनच जुळतात: कोकणातल्या मासेमारीवरचं एक जुनं पुस्तक, जे साइटवर ४० जणांकडे आहे, आणि एका विस्मृतीत गेलेल्या कवीचा संग्रह, जो ६० जणांकडे आहे. सर्वांत साधा नियम असा करू की पुस्तक जितक्यांकडे, तितका त्याच्या वजनाला भाग. पहिल्या वाचकाचं एकूण वजन भरतं एक लाखांश. दुसऱ्याचं चाळीसांश अधिक साठांश, म्हणजे चोविसांश. दुसरा वाचक चार हजार पटींहून जवळचा ठरला! खऱ्या यंत्रणा इतका टोकाचा नियम लावत नाहीत, लॉगरिदम वापरून हा उतार सौम्य करतात. कुणाची यादी फारच लांबलचक असेल तर त्याचाही विचार करावा लागतो, कारण पाच हजार पुस्तकं असलेल्याशी कुणाचंही थोडंफार जुळणारच. पण तत्त्व हेच.

लायब्ररीथिंगवर तुमच्याशी पुस्तकं जुळणाऱ्या सभासदांची यादी दोन प्रकारे बघता येते, नुसत्या संख्येने आणि अशा वजनाने. दोन्ही याद्या एकदा शेजारी शेजारी उघडून बघाच. संख्येच्या यादीत मोठमोठी कपाटं असलेले लोक वर येतात. वजनाच्या यादीत तुमच्या गोत्रातले. तिथून पुढचं काम आपलं. अशा माणसाच्या यादीत जायचं आणि आपल्याकडे नसलेली पुस्तकं निवांत चाळायची. ग्रंथालयात आपल्या आधी हे पुस्तक कुणी नेलं होतं ते कार्डावर बघायची ज्यांना सवय होती, त्यांना हे सुख लगेच ओळखता येईल. फरक एवढाच, की इथे त्या माणसाचं बाकीचं सगळं वाचनही समोर उघडं असतं.

'तुम्हाला हेही आवडेल' ही शिफारस याच कागदावरून येते, पण दुसऱ्या दिशेने. तिथे ओळींऐवजी रांगा जुळवतात: हे पुस्तक वाचणाऱ्यांनी आणखी कुठलं वाचलं? ॲमेझॉनच्या तीन अभियंत्यांनी २००३ मध्ये या पद्धतीवर लिहिलेला निबंध या क्षेत्रात सतत उद्धृत होतो. माणसं येत-जात राहतात, पण पुस्तकांमधली नाती त्यामानाने टिकाऊ असतात, म्हणून हिशेब आधीच करून ठेवता येतो. दुकानासाठी ही पद्धत फार सोयीची आहे. वाचकासाठी मला ती डावी वाटते, कारण ती गर्दीच्या रांगांकडे ओढते आणि कमी वाचल्या गेलेल्या पुस्तकाबद्दल तिच्यापाशी सांगण्यासारखं फारसं काही नसतं. लायब्ररीथिंगने २००६ मध्ये हेच यंत्र उलटं फिरवून दाखवलं होतं: तुमच्या पुस्तकासोबत एका कपाटात जवळजवळ कधीच न सापडणारं पुस्तक कुठलं? आपल्या वाचनाची कुंपणं कुठे आहेत ते त्या यादीत लख्ख दिसायचं.

ताऱ्यांबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. गुडरीड्सवर दोन तारे म्हणजे 'ठीक होतं', तीन म्हणजे 'आवडलं'. हॉटेलांच्या हिशेबाने तीन तारे नापासासारखे वाटतात, तसं इथे नाही. दुसरी गोष्ट जास्त कामाची. सरासरी बघण्यापेक्षा तारे देणाऱ्याची सवय बघा. सभासदाच्या पानावर त्याने आजवर दिलेल्या ताऱ्यांची सरासरी लिहिलेली असते. जो सरासरी ४.६ देतो त्याचे चार तारे म्हणजे किंचित नाराजी, आणि जो ३.१ देतो त्याचे चार तारे म्हणजे पाठीवर थाप. शिफारशीची यंत्रणाही बहुधा हीच वजाबाकी आधी करते. आणि प्रसिद्धीआधीच्या ताऱ्यांवर तर अजिबात विसंबू नका. २०२३ च्या जूनमध्ये एका नामवंत अमेरिकी लेखिकेने रशियात घडणारी आपली कादंबरी बेमुदत पुढे ढकलली, कारण युक्रेन युद्धाच्या संतापात शेकडो जणांनी ती न वाचताच तिला एकेक तारा दिला होता.

या सगळ्या जगात मला सर्वांत लोभस वाटतो तो गेलेल्या माणसांच्या कपाटांचा विभाग. लायब्ररीथिंगच्या सभासदांनी थोरामोठ्यांचे ग्रंथसंग्रह त्यांच्या नावाची खाती उघडून नोंदवले आहेत. थॉमस जेफरसन यांनी १८१५ मध्ये आपली ६,४८७ पुस्तकं २३,९५० डॉलरना अमेरिकी काँग्रेसला विकली. आदल्या वर्षी ब्रिटिशांनी वॉशिंग्टनमध्ये लावलेल्या आगीत तिथलं ग्रंथालय जळालं होतं. १८५१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पुन्हा आग लागली आणि त्या पुस्तकांपैकी साधारण दोन तृतीयांश गेली. पण यादी उरली होती. मिलिसेंट सॉवरबी या सूचीकार बाईंनी विसाव्या शतकात ती पाच खंडांत बांधली आणि मग सभासदांनी एकेक पुस्तक साइटवर चढवलं. आज तुमचं खातं असेल तर जेफरसनशी तुमची किती पुस्तकं जुळतात ते एका क्लिकवर दिसतं. हेमिंग्वे आहेत, मेरिलिन मन्रो आहे, रॅपर टुपाक शकूर आहे. तेच वजनाचं गणित, फक्त ओळीच्या टोकाला उभा असलेला वाचक या जगात नाही.

हे बघितलं की माझ्या मनात दरवेळी दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह येतं. बाबासाहेबांनी ते घर पुस्तकांचा विचार करून बांधलं. त्यांच्या संग्रहातली बरीच पुस्तकं पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. असा संग्रह ज्याच्या-त्याच्या कपाटाशी ताडून बघता येईल अशा रूपात नोंदवला गेला, तर एखाद्या तालुक्याच्या गावातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला आपली आणि बाबासाहेबांची चार पुस्तकं सामाईक आहेत हे फोनवर दिसेल. तिला त्या दिवशी काय वाटेल, याची कल्पना करून बघा.

बाकीच्या सोयी थोडक्यात. स्टोरीग्राफवर विषयापेक्षा मूड आणि वेग विचारतात: उदास, साहसी, विचारप्रवर्तक, संथ की झपाट्याचं. तारे पाव-पाव भागाने देता येतात, त्यामुळे साडेतीन की चार हा छळ संपतो. बुकक्रॉसिंग २००१ पासून चालू आहे. तिथे पुस्तकाला क्रमांक देऊन ते बाकावर, स्टेशनवर सोडून द्यायचं आणि ज्याला मिळेल त्याने साइटवर कळवायचं. बुकवर्म नावाच्या नेटवर्कमध्ये एक मालक नाही, लहान लहान सर्व्हर एकमेकांशी बोलतात.

मालकीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्या. गुडरीड्सने डिसेंबर २०२० पासून बाहेरच्या प्रोग्रामरांना नव्याने माहिती देणं थांबवलं आणि त्या माहितीवर छोटी साधनं बनवणाऱ्यांची पंचाईत झाली. तुमचं शेल्फ मात्र तुम्हाला फाइल म्हणून उतरवून घेता येतं, आणि तीच फाइल दुसऱ्या साइटवर चढवताही येते. दर काही महिन्यांनी ती उतरवून ठेवा. शिवाय आजार, धर्म, घरातल्या अडचणी यांवरची पुस्तकं जाहीर शेल्फवर ठेवताना दोन क्षण थांबा. वजनाचं गणित दुर्मिळ पुस्तकांवरूनच माणूस ओळखतं आणि ते गणित करणारा दर वेळी मित्रच असेल असं नाही.

नव्याने खातं उघडणाऱ्यांना माझा सल्ला असा. साइट सुरुवातीला गाजलेली पुस्तकं पुढे करून तारे मागेल. गुडरीड्स शिफारशी देण्याआधी २० पुस्तकांना तारे मागत आलं आहे. ते वीस सगळ्यांच्या ओळखीच्या पुस्तकांवर खर्च करू नका. कपाटाच्या मागच्या रांगेत हात घाला. जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेलं लोकगीतांचं संकलन, गोव्यातल्या एखाद्या छोट्या प्रकाशकाची कादंबरी, रद्दीच्या दुकानात मिळालेलं प्रवासवर्णन, अशी दहा-पंधरा आधी भरा. साइटवर सापडलं नाही तर स्वतः नोंद करा: शीर्षक देवनागरीत, पर्यायी नावाच्या रकान्यात तेच रोमन लिपीत, लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये सगळीकडे सारखीच मोकळी जागा, शकावरून काढलेलं वर्ष, आणि मुखपृष्ठाचा सरळ उजेडात काढलेला फोटो. मग रोमन नावानेही एकदा शोधा. कुणीतरी तेच पुस्तक आधीच तिकडे नोंदवून ठेवलेलं असेल, तर दोन नोंदी जोडा आणि त्या माणसाचं बाकीचं शेल्फ उघडा.